काकांच्या दुकानातलं जुनं मशीन : कामाच्या नोंदी

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार, रात्री

काल भाऊबीज झाली आणि आज काकांचा फोन. "येऊन बघ की जरा, मशीन पाक झोपलंय, तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची रांग लागणार, तेव्हा मी काय करू?" उद्यमबागमधनं (बेळगावची औद्योगिक वसाहत) ड्युटी सुटली तसा सरळ वडगावला गेलो.

दुकान म्हणजे डीटीपीची (कॉम्प्युटरवर मजकूर टाईप करून छपाईचं पान मांडायची) एक खोली, एक मशीन म्हणजे कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, मागं स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल. लग्नपत्रिका, वास्तुशांती, बारसं, बिलबुकं. आमच्या बेळगावात पत्रिका बऱ्याचदा दोन्ही भाषेत लागते, एक बाजूचे पाहुणे मराठी तर दुसऱ्या बाजूचे कन्नड, त्यामुळं एकाच फाईलमध्ये मराठीचे फाँट वेगळे आणि कन्नडला नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) वेगळं. टायपिंग आक्का करतात, मशीन आलं तेव्हापासनं त्याच खुर्चीत.

ही वही कशाला तर, पाचसहा वर्षांमागं पण हे मशीन असंच हळू झालेलं आणि कोणतरी येऊन काहीतरी करून गेला, त्यानं काय केलं ते काकांना माहीत नाही, आक्कांना माहीत नाही, आणि आता मला ते उकरून काढायचंय. म्हणून यावेळी केलं तेवढं लिहून ठेवतोय.

मशीन: २०११ चं असेंबल केलेलं, इंटेल जी ४१ चिपसेटचा (प्रोसेसर, रॅम, डिस्क जोडणाऱ्या चिपांचा) बोर्ड, पेंटियम ड्युअल कोअर ई ५४००, २.७ गिगाहर्ट्झ, ३२० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७ ३२ बिट.

मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. बटन दाबल्यापासनं पेजमेकरमध्ये (पान मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) पहिलं अक्षर टाईप होईपर्यंत ११ मिनिटं ४० सेकंद. आक्का म्हणाल्या, "आज लवकर झालं बघ." तेवढ्या वेळात त्या झाडू मारतात, देवाला अगरबत्ती लावतात, समोरनं पाण्याची घागर आणतात. दुकानाचा दिवसच त्या ११ मिनिटांवर बसवलाय.

पेजमेकर चालू ठेवून ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप उघडलं की मेसेज येतो, मेमरी कमी आहे, फायली सेव्ह करून प्रोग्राम बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं, फिजिकल मेमरी टोटल २०४७, म्हणजे २ जीबी. खाली कमिट म्हणून २१९० आणि पुढं २२४७ असं काहीतरी होतं, तिकडं मी लक्षच दिलं नाही. काकांना सांगून मोकळा झालो, रॅम कमी आहे, उद्या आणतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आजची नोंद लिहायला लाज वाटालीय पण लिहितो.

सकाळी खडेबाजारकडनं ४ जीबीची डीडीआर ३ रॅम आणली, जुनी, ४५० रुपये. दुकानात येऊन कॅबिनेट उघडलं, आणि बघतो तर आत दोन्ही स्लॉट भरलेले. २ जीबी आणि २ जीबी. म्हणजे मशीनमध्ये आधीच ४ जीबी आहे आणि विंडोज २ च दाखवतंय. आमच्या कारखान्यात शॉपवर कोणी ड्रॉईंग न बघता जॉब चढवला तर मीच त्याला बोलतो. इथं मी झाकण न उघडता खरेदी करून आलो.

बरं आणलीच आहे तर लावून बघू म्हणून एक काढून ही ४ ची लावली. पडद्यावर काही नाही, नुसतं बीप बीप. स्लॉट बदलला, खोडरबरनं सोनेरी पट्टी घासली, तेच. मग बसून वाचलं तेव्हा कळलं की जी ४१ चिपसेटची ही जुनी खोड आहे. त्याला ४ जीबीची रॅमची काडी चालते, पण दोन्ही बाजूला आठ आठ असे १६ काळे चिप असलेली, लेबलवर २ आर एक्स ८ लिहिलेली. पुढं आलेल्या काड्यांत ८ च चिपमध्ये ४ जीबी बसवलेत, म्हणजे एकेका चिपमध्ये दुप्पट माल, आणि एवढ्या दाट चिपचा पत्ता या चिपसेटला काढता येत नाही. मी आणली ती ८ चिपची. काडीत काही खोट नाही, बोर्डात पण नाही, जोडी जमत नाही एवढंच. दुकानदाराला फोन केला तर "जुना माल परत नाही हं". बरोबरच आहे, मी विचारलं पण नव्हतं.

कॅबिनेट उघडल्याचा एक फायदा झाला. शेजारी यंत्रमाग आहेत, वडगावात खासबागात कुठं नाहीत, आणि त्याची ती कापसाची भुसभुशीत धूळ प्रोसेसरच्या फॅनखाली गादीसारखी बसलेली. फॅन काढला तर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये अख्खी गोधडी. नखानं उचलली तर एका तुकड्यात निघाली, काका ती हातात घेऊन "आता याचीच उशी करूया" म्हणाले. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी) वाळून खडू झालेली. शिवाय कूलरच्या चार पिनांपैकी एक नीट बसलेलीच नव्हती, किती वर्षं तशी होती देव जाणे. आधी तापमान ९० च्या वर जात होतं. साफ करून, नवी पेस्ट लावून, चारही पिना टक् आवाज येईपर्यंत दाबून परत बघितलं, पूर्ण लोडवर ६३. प्रोसेसर तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे एवढे दिवस २.७ ची किंमत देऊन त्याच्यापेक्षा कमीच मिळत होतं.

वेळ: १० मिनिटं ५५ सेकंद. पाऊण मिनिट कमी. काका काही बोलले नाहीत.

२६ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. सकाळीच दुकानात.

४ बसवलेत आणि २ च का दिसतात? बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) बघितलं तर ४०९६ व्यवस्थित. म्हणजे हार्डवेअर बरं, चोर विंडोजमध्येच. रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी पानावर ती रंगीत पट्टी असते, त्यात हार्डवेअर रिझर्व्ह्ड म्हणून २ जीबीच्या पुढं. एवढं हार्डवेअरला कशाला लागेल?

मग एमएसकॉन्फिग (विंडोज चालू कशी व्हावी ते ठरवायची खिडकी) उघडलं, बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. सापडलं. मॅक्झिमम मेमरीला टिक आणि पुढं २०४८. शेजारी नंबर ऑफ प्रोसेसर्सला पण टिक. हा तो "मशीन फास्ट करण्याचा सिक्रेट उपाय", व्हिडिओ बघून बघून गावभर लोकांनी केलेला. त्या टिकचा अर्थ जास्त वापर असा नाही, याच्यापुढं वापरू नको असा आहे. ती सोय प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कमी मेमरीवर टेस्ट करायला ठेवलेली. ज्यानं केलं त्याच्या वेळी बहुतेक एकच २ ची काडी होती, मग कधीतरी दुसरी घातली, आणि ती दुसरी तेव्हापासनं नुसती करंट खात बसली. दोन्ही टिक काढल्या.

रीस्टार्ट. आता ४ जीबी, त्यातले ३.२४ वापरायला. काका लगेच, "उरलेले कुठं गेले?" ३२ बिटच्या विंडोजमध्ये तसंच असतं. गल्लीत घरनंबर ४०९६ च, त्यातले वरचे सातआठशे नंबर ग्राफिक, साऊंड आणि बाकीच्या सामानाला आधीच वाटून टाकलेले, मग शेवटची घरं बांधलेली असली तरी त्यांना नंबर नाही, पोस्टमन जाणार कुठं. शिवाय ग्राफिक कार्ड वेगळं नाही, बोर्डावरचंच, ते पण थोडी रॅम स्वतःकडं ठेवून घेतं.

६४ बिट टाकलं तर चारी जीबी दिसतील, प्रोसेसरला चालतंय. पण दुकानात जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं लॉक आहे, प्रिंटर पोर्टला लागणारं, आणि त्याचा जो ड्रायव्हर काकांच्या सीडीवर आहे तो ३२ बिटचाच. ते लॉक चाललं नाही तर दहाबारा वर्षांच्या फायली उघडणार नाहीत. पाऊण जीबीसाठी एवढा जुगार नको. ३२ च राहू दे.

दुसरी गोष्ट, ती कमिटची ओळ. परवा मी जिच्याकडं बघितलं नाही तीच खरी बोलत होती. मेमरी कमी हा मेसेज नुसती रॅम भरली म्हणून येत नाही. विंडोज प्रोग्रामांना जेवढी मेमरी कबूल करते त्याला मर्यादा असते, रॅम अधिक पेजफाईल (मेमरी म्हणून डिस्कवर राखलेली जागा). किराणावाल्याच्या उधारीच्या वहीसारखं, ठरलेल्या रकमेपुढं तो लिहूनच घेत नाही. इथं २०४७ ची रॅम, आणि पेजफाईल कोणीतरी हातानं २०० एमबी ठेवलेली, झाले २२४७. हाच तो आकडा. "पेजफाईल कमी केली की डिस्क कमी घासते" असाही एक सल्ला फिरत असतो, त्याचा प्रसाद. परत विंडोजवर सोडून दिलं, सिस्टम मॅनेज्ड. आता कमिटची मर्यादा साडेसहा जीबीच्या आसपास.

मेसेज गेला. पेजमेकर, ब्राउझर, पीडीएफ सगळं एकदम उघडलं तरी आला नाही. मी खूष. स्टॉपवॉच लावलं.

९ मिनिटं ५० सेकंद.

आक्का उद्या विचारतील, काय सांगू?

२८ ऑक्टोबर, मंगळवार

काल सेकंड शिफ्ट होती, गेलो नाही.

आता मेमरी पुरेशी आहे, अर्धी रिकामीच दिसते, तरी मशीन चिखलातनं चालल्यासारखं. म्हणजे दोन दुखणी होती आणि मी एकालाच धरून बसलेलो. आज डिस्ककडं वळलो.

डी ड्राईव्हवरची ७०० एमबीची एक फाईल सी वर कॉपी केली. वेग ३ एमबी. सेकंदाला ३! पेनड्राईव्ह पण याच्यापेक्षा पळतो. आणि गंमत म्हणजे कॉपी चालू असताना रिसोर्स मॉनिटरमध्ये सिस्टम इंटरप्ट्स म्हणून ६० टक्क्यांच्या वर सीपीयू. नुसत्या कॉपीला प्रोसेसर कशाला घाम गाळेल?

याचं उत्तर डिव्हाईस मॅनेजरमध्ये. आयडीई कंट्रोलर (डिस्कशी बोलणारा भाग), त्यातला चॅनल, ॲडव्हान्स्ड सेटिंग, करंट मोड: पीआयओ. इथं अल्ट्रा डीएमए पाहिजे होतं. या बोर्डाला एएचसीआय (साटा डिस्क चालवायची नवी पद्धत) नाही, साटा डिस्क पण आयडीईच्या जुन्या पद्धतीनंच चालते, आणि त्या पद्धतीत विंडोजची एक सवय आहे, डिस्कशी बोलताना परत परत चूक व्हायला लागली की ती एकेक पायरी खाली उतरत शेवटी पीआयओवर येते आणि तिथंच राहते, कोणाला सांगत पण नाही. डीएमएमध्ये डिस्क आपला माल थेट मेमरीत टाकते. पीआयओमध्ये प्रत्येक घमेलं प्रोसेसरनं स्वतः उचलायचं. म्हणून तो घाम.

मग चूक कशानं होत होती? क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) चालवलं. त्यात ते कच्चे आकडे हेक्समध्ये (१६ च्या मोजणीत) असतात हे लक्षात ठेवायचं, सेटिंग बदलून साध्या आकड्यात केलं. सी ७ नंबरची ओळ, अल्ट्राडीएमए सीआरसी एरर, १,८६२. हा आकडा डिस्कचा नसतो, रस्त्याचा असतो, म्हणजे माल डिस्कवरनं नीट निघाला पण वाटेत सांडला. केबल बघितली तर कॅबिनेटच्या पत्र्यात दाबून वाकलेली, आणि ज्या टोकाला लॉकची पत्री असते ती तुटलेली. ६० रुपयांची नवी केबल. चॅनल डिव्हाईस मॅनेजरमधनं अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं, विंडोजनं परत ओळखला, अल्ट्रा डीएमए मोड ५.

तीच फाईल, ७८ एमबी सेकंदाला.

वेळ: ४ मिनिटं १० सेकंद. काका गल्ल्यावरनं उठून मागं येऊन उभे राहिले. "काय घातलास आत?" वायर. "वायर?" परत विचारलं, किंमत विचारली, आणि मग शेजारच्या मागवाल्याला सांगायला गेले.

सी ७ चा आकडा कधी मागं येत नाही, १,८६२ लिहून ठेवतो, वाढला तर केबलचा आजार गेला नाही असं समजायचं. पण त्याच यादीत आणखी एक ओळ आहे जी मला आवडलेली नाही. सी ५, करंट पेंडिंग सेक्टर, ८. ती रस्त्याची नाही, डिस्कची स्वतःची. आठ जागा अशा आहेत की वाचता येईनात. चौदा वर्षांची डिस्क. काकांना म्हटलं बॅकअप कुठं आहे. "कसला?"

आज रात्री जेवढं महत्त्वाचं तेवढं माझ्या बाहेरच्या डिस्कवर काढलं, दीड वाजला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज आक्कांबरोबर बसलो, फाँटवर. मला वाटलेलं अर्ध्या तासाचं काम, पण दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी चाललेलं.

पेजमेकर उघडायला १ मिनिट ५० सेकंद लागतात हे डिस्क सुधारल्यावर पण खटकत होतं. विंडोजच्या फाँट फोल्डरमध्ये बघितलं, २,९१४. चौदा वर्षं कोणी गिऱ्हाईक फाईल घेऊन आलं की तिच्याबरोबरचे फाँट टाकायचे, काढायचं कोणी नाही. मशीन चालू होताना आणि प्रत्येक जुनं डीटीपी सॉफ्टवेअर उघडताना ही अख्खी यादी चाळली जाते, मेमरी पण खातं आणि वेळ पण.

मग काढून टाका की सगळे, असं होत नाही. हे युनिकोडचे (सगळ्या मशीनवर अक्षरांना एकच नंबर देणारी पद्धत) फाँट नाहीत. जुन्या फाँटात क ची जागा कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या खुर्चीवर, आणि प्रत्येक कंपनीची खुर्चीवाटणी वेगळी. फाँट असला तर "चि. सौ. कां." दिसतं, नसला तर नुसती इंग्रजी कचऱ्याची ओळ, आणि त्याच नावाचा दुसऱ्याचा फाँट असला तर त्याहून वाईट, अर्धं बरोबर दिसतं आणि एखादा रफार उडालेला असतो, तो छापल्यावर सापडतो. कन्नडचं तसंच, नुडीचा फाँट काढला की अख्खी कन्नड बाजू गेली.

मी एका प्रोग्रामनं यादी काढायच्या मागं होतो, कुठल्या फाईलमध्ये कुठला फाँट. आक्का म्हणाल्या, "कशाला की एवढं, मी सांगते." आणि सांगितलं. डोळे मिटून. मजकुराला हा, नावाला तो, "श्री" काढायचा तर तिसऱ्याच फाँटमधला कारण त्याचा वळसा मोठा आहे, गणपती कुठल्या चिन्हांच्या फाँटात कुठल्या कीवर आहे, कन्नडला नुडी ०१ ई, मोठ्या अक्षराला ०५ ई, अमुक गावच्या गिऱ्हाईकाला जुनाच पाहिजे असतो म्हणून तो पण ठेव. मधेच थांबून, "हा नको, याचा ळ मोडका आहे." मी नुसता टिकमार्क करणारा.

राहिले ४१०. बाकीचे डिलीट नाही केले, डी वर "फाँट बाजूला" म्हणून फोल्डर, नुसते हलवले. फाँट कॅशची फाईल पुसून रीस्टार्ट केलं म्हणजे विंडोज ती नव्यानं बनवते. पेजमेकर आता ३५ सेकंदात.

अँटीव्हायरस दोन निघाले. एक २०१७ लाच मुदत संपलेला, एक चालू. दोघं एकाच फाईलला दोन बाजूनं धरून तपासत बसायचे. मेलेला काढला.

प्रिंटरच्या स्पूल फोल्डरमध्ये अडकलेली ४० च्या वर प्रिंट कामं, सगळ्यात जुनं २०१८ चं, कुठल्यातरी बारशाचं. ते पोरगं आता शाळेत असेल. स्पूलर थांबवून रिकामं केलं.

वेळ: २ मिनिटं ४० सेकंद. आज कोणी काही म्हटलं नाही, सगळ्यांना भूक लागलेली.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडं मराठी लोकांचा काळा दिन, शहरातनं कुठं जायची सोय नाही आणि दुकान बंद. म्हणूनच आजचा दिवस डिस्क बदलायला धरलेला. ४८० जीबीची एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क), २,८०० रुपये. २४० ची स्वस्त पडत होती, पण क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) करताना नवी डिस्क जुन्यापेक्षा लहान असली की आधी पार्टिशन आकसा, मग मधे न हलणारी एखादी फाईल बसलेली असते, तिचं वेगळं, हे मी मागं एकदा भोगलंय. वरचे पैसे गेले तर जाऊ देत.

क्लोन करायचा प्रोग्राम क्लोनझिला, पेनड्राईव्हवरनं. पहिल्यांदा ६० टक्क्याच्या पुढं जाऊन थांबलं, वाचता येईना म्हणून. ते आठ सेक्टर. दुसऱ्यांदा एक्स्पर्ट मोडमध्ये रेस्क्यूचा पर्याय लावून सोडलं, म्हणजे वाचता न आलेली जागा सोडून पुढं जातं. ४५ टक्क्यावर लाईट गेली. यूपीएसनं चार मिनिटं दम काढला आणि मान टाकली. मला वाईट कशाचं वाटलं सांगू, यूपीएसची बॅटरी बघायची यादीत मीच लिहिलेली, आणि शेवटी ढकललेली.

लाईट येईपर्यंत काकांनी घरनं आणलेला दिवाळीचा उरलेला चिवडा. तिसऱ्यांदा सुरू केलं ते दुपारी पावणेतीनला, संपलं साडेपाचला. विंडोज ७ नं टाकलेलं पार्टिशन आधीच १ एमबीच्या हद्दीवर सुरू होतं, म्हणून एसएसडीवर ते वेगळं जुळवायला लागलं नाही. एक्सपीच्या काळातलं असतं तर ६३ व्या सेक्टरवरनं सुरू, मग ते काम वाढलं असतं.

त्या आठ सेक्टरांत काय होतं? चेकडिस्क चालवलं, एक जुनं बिलबुक आणि दोन फोटो. काकांना फोटो दाखवायला गेलो तर उघडेचनात, म्हणजे बरोबर तेच गेलेले.

बोर्ड जुना, साटा ३ गिगाबिटचाच, एसएसडीला जेवढं पळता येतं तेवढं पळू देत नाही. पण जुन्या डिस्कचा खरा वेळ जातो तो सुई इकडनं तिकडं नाचवण्यात, सेकंदाला शंभरएक छोट्या फायली वाचल्या तरी खूप. ते नाचणंच गेलं.

वेळ: ५२ सेकंद. परत लावलं, विश्वास बसेना म्हणून. ५१.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आक्कांचा फोन, व्हॉट्सॲप उघडेना, "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतंय. काल रात्री काकांनी मेन स्विच बंद केलेला, सकाळी मशीनची तारीख २००९ च्या जानेवारीत. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलेला. वेबसाईटच्या सर्टिफिकेटला मुदत असते, मशीनच्या मते ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच यायचंय, म्हणून ब्राउझर दार उघडत नाही. सेल ४० रुपये, तारीख लावली, झालं.

पण त्यावरनं इंटरनेटचा विषय निघाला आणि तो काढायलाच पाहिजे होता. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालेत. क्रोम १०९ वर अडकलेलं, त्यापुढचं याच्यावर चढतच नाही. विंडोज १० टाकू म्हणावं तर त्याचीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ ला हा प्रोसेसर दारात पण उभा करत नाहीत. शिवाय ३.२४ जीबीतली सगळ्यात जास्त कोण खातंय तर ब्राउझर. पेजमेकर बिचारं शंभर एमबीत दिवस काढतं.

काकांना म्हटलं, या मशीनची नेटची वायर काढूया. "मग प्रूफ कसं पाठवायचं?" माझ्याकडं पडून असलेला जुना लॅपटॉप, त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंटचं एक्सएफसीई (जुन्या मशीनला झेपणारी हलकी सिस्टम) टाकून गल्ल्यावर ठेवलं. व्हॉट्सॲप, मेल, युनिकोडमध्ये आलेला मजकूर बघणं तिकडं. पीडीएफ पेनड्राईव्हनं न्यायची. काकांना हे पटलेलं नाही, चार पावलं चालायला लागतात म्हणून. आक्कांना पटलं, कारण आता टाईप करताना मधेमधे टिंग टिंग वाजत नाही.

ऑटोरन बंद केलंय. गिऱ्हाईकाचा पेनड्राईव्ह आधी लॅपटॉपला लावायचा, मशीनला थेट नाही. हे कागदावर मराठीत लिहून भिंतीला चिकटवलं. आक्कांनी खाली कन्नडमध्ये पण लिहिलं, दुकानात हाताखाली येणारा पोरगा कन्नड शाळेतला आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

पाच दिवस चालवून बघितलं. सी ७ आता नव्या डिस्कवर ०, म्हणजे केबल खरंच बरी. तापमान ६० च्या आसपास. हार्ड फॉल्ट म्हणजे रॅममध्ये नाही म्हणून डिस्कवर जाऊन आणायच्या फेऱ्या, आधी शेकड्यात असायच्या, आता बहुतेक वेळ शून्य. मोठी दोन्ही भाषेची पत्रिका, सहा पानी, फोटोसकट, ट्रेसिंगला प्रिंट जाईपर्यंत एकदाही अडकली नाही.

खर्च: एसएसडी २,८००, पेस्ट १००, केबल ६०, सेल ४०, आणि ती ४५० ची रॅम. एकूण ३,४५०. त्यातली रॅम मी काकांकडनं घेतली नाही.

राहिलेलं: यूपीएसची बॅटरी, पुढच्या पगाराला. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला बारीक मच्छरदाणीचा तुकडा लावलाय, मागाची धूळ आधी तिच्यावर बसेल, पण ती दर शनिवारी झटकायला लागणार नाहीतर हवाच कोंडेल. ते काम त्या पोराला दिलंय. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप दर अमावास्येला, ही काकांची आयडिया, त्या दिवशी कोणी पत्रिका छापायला येत नाही.

जुनी ३२० ची डिस्क फेकली नाही. "वापरू नये, ८ सेक्टर गेलेत, नोव्हें. २०२५" असं मार्करनं लिहून कपाटात. परवाच कामाला आली, निपाणीकडच्या एका गिऱ्हाईकाची २०१४ ची फाईल उघडली तर वरची ओळ कचरा, तो फाँट मी बाजूला केलेल्यांत पण नव्हता, जुन्या डिस्कवर दुसऱ्याच फोल्डरात सापडला. म्हणजे ४११.

आक्का अजून बटन दाबून घागर घेऊन बाहेर जातात. आज परत आल्या तर स्क्रीनसेव्हर लागलेला, मला हाक मारून म्हणाल्या, "बघ रे, परत बंद पडलं काय ते."